लेकीच्या अंगणातला कुंदा

ऑस्ट्रेलियात लेकीच्या घरी जाऊन मला पाच दिवस झाल्ते, आणि पाचही दिवस मला कुणी इकडची काडी तिकडं करू दिली न्हाई. भांडी मशीन धुती, कपडे मशीन धुती, अन् जे मशीनला जमत न्हाई ते जावई करतो. जावयानं माझं जेवलेलं ताट उचललं तेव्हा मी लाजून अर्धी झाले. "राहू द्या हो," म्हणलं, तर म्हणतो, "आई, तुम्ही आराम करा." आराम! गावाकडं वाटूरला चाळीस वर्षं कापसात वाकलेली बाई आराम कसा करती, ते बी कुणी शिकवावं मंग.

घर मात्र दृष्ट लागावी असं. गल्लीच्या दोन्ही अंगाला एवढाली झाडं, की दुपारचं ऊन बी खाली उतरत न्हाई. त्या झाडांची पानं कमी अन् सालंच जास्त गळतात. कोंबड्याएवढे पांढरे पोपट छपरावर बसून असे भांडतात, की मला आमचा आठवडी बाजार आठवायचा. माणूस मात्र औषधाला न्हाई. एक म्हातारा कुत्रं फिरवत जायचा, तेवढाच.

माझी एकच इच्छा होती. परत जायच्या आधी ह्या घराला माझा हात लागावा. न्हाईतर लेकीच्या घरी मी पाहुणीच की.

सहाव्या दिवशी दोघं कामाला गेले अन् मी अंगणात आले. बघते तर काय, दारापुढं कुंद्याचे झुपके! कुंदा म्हणजे आमच्या रानातलं चिवट गवत. कापसात शिरलं की पीक दाबून टाकतं. बाई गं! शिकलेली पोर, एवढं घर घेतलं, अन् दारात तण? माझे हात शिवशिवायला लागले. खुरपं न्हाई, म्हणून स्वयंपाकघरातलं स्टीलचं उलथनं आणलं, पदर खोचला अन् बसले. कुंदा वरून कापून भागत न्हाई, मुळासकट काढावा लागतो. दुपारपर्यंत एक काडी ठेवली न्हाई. कुत्र्यावाला म्हातारा थांबून बघतच राह्यला. बघ बाबा, म्हणलं, काम असं असतं.

संध्याकाळी लेक गाडीतून उतरली ती तिथंच उभी.

"आई, माझं गवत कुठंय?"

"तुझं?"

तिनं ते मुद्दाम लावल्तं. तिथलंच मूळचं गवत. खिडकीत बिया रुजवून, वर्षभर जपून अंगणात आणलेलं. मी आले त्या दिवशी "पुढं बाग केलीय" म्हणाली होती. मी आपली फुलं हुडकत बसले! मला वाटलं, आता बोलंल. तर ती पायरीवर बसून रडायला लागली. एकच काम केलं, ते बी पोरीचं अंगण उजाड करायचं.

"टाकलंस कुठं?"

"त्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात."

डबा उपडा केला. एकेक झुपका निरखून पाह्यला. मुळं बराबर होती, एकाचं बी तुटलं नव्हतं. "ऊठ," म्हणलं, "पाणी आण जल्दी. जगतंय हे."

मंग दोघी बसलो. मी खड्डे करून राह्यले, ती झुपके लावून. तिला माती दाबता येईना. मी तिच्या हातावर हात ठेवून दाबून दाखवली. किती मऊ हात पोरीचा!

"मला तू हे कधी शिकवलंच नाहीस," ती म्हणाली. "रानात येते म्हणलं की हाकलून द्यायचीस. मला वाटायचं, तुला मी सोबत नको असते."

एवढी वर्षं पोर हे मनात धरून होती?

"येडे, तुझी पाठ माझ्यासारखी वाकू नये म्हणून हाकलायची," म्हणलं.

तिनं माझ्या हातातलं उलथनं घेतलं अन् पुढचा खड्डा स्वतः केला. वाकडा केला. मी तो तसाच राहू दिला अन् त्यात झुपका ठेवला.