डावा हात खांद्याखाली

बायको चक्कर येऊन पडली तेव्हा मी तिच्यावर ओरडलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला जरा सोपं जाईल. लोह्यात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे आणि घर त्याच्याच मागे. विहिरीवरची एक जळालेली मोटार उघडून मी तिच्यात तांब्याची तार भरत बसलो होतो. आतून भांडी पडल्याचा आवाज आला आणि मी बसल्या जागेवरून ओरडलो, "लक्ष कुठं हाय तुझं?" उत्तर आलं नाही म्हणून आणखी चढ्या आवाजात तेच विचारलं. मग उठून गेलो. ती पिठाच्या परातीशेजारी आडवी पडली होती. ओठ पांढरे, डोळे अर्धवट उघडे.

नांदेडच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. हृदयाला ठोका दे म्हणून सांगणारा सिग्नल खालपर्यंत पोचतच नाही, म्हणाले. मिनिटाला चौतीस ठोके. पेसमेकर बसवावा लागेल, तोही आजच. लेक लातूरला दिलेली, तिच्या ओळखीचे हृदयाचे डॉक्टर तिथे तयार होते, म्हणून आम्ही अँब्युलन्सने लातूरला निघालो. वाटेत आमचंच लोहा लागलं. दुकानाचं शटर मी अर्धंच ओढलं होतं, ते खिडकीतून दिसलं.

"आवो, लोहा आलं का?" तिनं पडल्या पडल्या विचारलं.

"हाव."

"दळण गिरणीवरच ऱ्हायलंय."

मला असा राग आला! इथे जीव टांगणीला लागलाय आणि हिला दळणाचं पडलंय. राग कसला, भीतीच होती ती. मला भीती वाटली की मी चिडतो, एवढंच मला येतं. पुढे चाकूरपर्यंत मी तिच्या पायाशी बसून देवाला शिव्या घालत होतो.

मशीन बसली. डाव्या खांद्याच्या खाली, कातडीच्या आत, काडीपेटीएवढी. तिच्यातून एक वायर शिरेतून थेट हृदयात सोडलेली. घरी सोडताना नर्सबाईंनी मला समोर उभं करून सांगितलं, "काका, दीड महिना मावशींचा डावा हात खांद्याच्या वर जायला न्हाई पाह्यजे. वायर आत अजून रुतलेली न्हाई. ओढ बसली की जागा सोडती." माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं त्यांनी. मला जरा हसूच आलं. बाई, वायर ओढली की कनेक्शन सुटतं हे मी उभा जन्म लोकांना सांगत आलोय!

घरी आल्यावर मी कंबर कसली. फळीवरचे डबे खाली मांडले, आरसा खाली ठोकला, कपड्यांची दोरी इतकी खाली बांधली की धोतरं अंगण झाडायला लागली. चालू मोटारीच्या चुंबकाजवळ तिची मशीन जाऊ द्यायची नव्हती, म्हणून दुकानच बंद ठेवलं. आरशाच्या वर खडूनं लिहिलं: डावा हात खाली. लेक चार दिवस राहून गेली, मग तिची वेणीसुद्धा मीच घालू लागलो. "आवो, वेणी घालताय का दावं वळताय?" ती म्हणायची. हसताना टाका ओढला की गप्प व्हायची. रोज सकाळी मनगटाला बोटं लावून मी नाडी मोजायचो. साठच्या खाली आता कधी यायची नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. साठ भरले की मी चहा ठेवायचो.

नवव्या दिवशी दादा आले. दादा माझे थोरले भाऊ, भोकरकडे गावी राहतात. वडील लवकर गेले, दादांनीच मला वाढवलं, तारेचं काम शिकायला त्यांनीच नांदेडला धाडलं. आमच्याकडे भायासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, बाई बिनपदराची बसत नाही. तिला दारात पदर सावरायला वेळ मिळावा म्हणून दादा नेहमी फाटकातूनच मोठ्यानं खाकरतात. एकतीस वर्षांत त्यांनी तिचं कपाळ नीट पाहिलं नसेल. बोलायचं झालं तरी माझ्यामार्फत.

मी अंगणात तिचे केस विंचरत होतो. खाकर ऐकू आली. मी फणी टाकली आणि दबक्या आवाजात तिला म्हणालो, "पदर घे."

आणि तिनं घेतला. डाव्या खांद्यावरून मागे सोडलेला पदर, डाव्याच हातानं, सवयीनं, सर्रकन डोक्यावर. तिचं तोंड वाकडं झालेलं मी पाहिलं. दादांनी केळी दिली, खुर्चीत टेकले, "तिला बरं हाय का?" असं मला विचारलं. मी बरं आहे म्हणालो. केसांना नुकतंच तेल लावलेलं, पदर ठरत नव्हता. तासाभरात तिनं तो तीनदा वर ओढला. तिन्ही वेळा मी बघत होतो. फळी आठवली, आरसा आठवला, दोरी आठवली. पदर मात्र डोळ्यांसमोर असून मला दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाटेवर बसल्या बसल्या म्हणाली, "घर फिरून राहिलंय." मी मनगट धरलं. अडतीस. माझंच चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजलं. छत्तीस. तिसऱ्यांदा मोजताना तिची नाडी कुठली आणि माझी कुठली ते कळेना. शेजाऱ्याच्या गाडीत तिला आडवी घातली. लातूरपर्यंत ती तीनदा डोळे पांढरे करून गेली आणि तीनदा परत आली. मी तिला हाका मारत होतो. माळाकोळी गेलं, अहमदपूर गेलं, मी हाका मारतच होतो. शेवटी शेजारी म्हणाला, "थोडा दम घ्या." मला दम घेता येत नव्हता.

एक्स-रेत वायर सरकलेली दिसली. डॉक्टरांनी विचारलं, "हात वर गेला होता का?"

मी तोंड उघडलं.

"मीच नेला," ती म्हणाली. आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा. "केस विंचरायला गेले, डॉक्टर."

डॉक्टर तिच्यावर रागावले. तीच जखम पुन्हा उघडायची म्हणजे पू होण्याची भीती, म्हणाले. मावशी, जिवापेक्षा केस मोठे का? ती गप्प पडून ऐकत होती आणि मी भिंतीला टेकून उभा होतो. अर्धमेल्या बाईनं माझा गुन्हा आपल्या अंगावर घेतला आणि मी घेऊ दिला. तिला आत नेल्यावर बाकड्यावर बसून मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं. आजूबाजूचे लोक बघत होते. बघू देत. ती मेली असती तर तिला मी मारलं असतं, दोन शब्दांत. एवढंच डोक्यात घुमत होतं. बाकी डोकं रिकामं.

वायर पुन्हा बसवली. आता पुन्हा सरकली तर काय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

घरी येऊन पाच दिवस झाले. माझी झोप उडाली होती, भूकही. तिनं कूस बदलली तरी मी दचकायचो. सारखी नाडी बघायचो, इतकी की ती म्हणाली, "हाताला घट्टे पडतील माझ्या." डॉक्टरांपुढं खोटं का बोललीस, हे मी एकदा विचारलं. "तुमचं तोंड बघून," ती म्हणाली, आणि भिंतीकडे वळली.

सहाव्या दिवशी सकाळी फाटकात खाकर आली.

आम्ही अंगणातच होतो. तिचा डावा हात मांडीवरून उठला. तिला कळलंसुद्धा नसेल. मी तिचं मनगट धरलं आणि खाली दाबलं. आमच्या घरात थोरल्या भावासमोर नवरा बायकोच्या अंगाला हात लावत नाही. दादा फाटकातच थांबले.

"दादा, या," मी म्हणालो. "तिचा पदर खालीच ऱ्हाईल. मागल्या बारीला तुमच्यासमोर तिनं पदर घेतला, म्हणून वायर सुटली. घ्यायला मीच सांगितलं होतं. दोष माझा हाय."

एवढं बोलताना मी रडत होतो. दादांपुढं मी वडील गेले त्या दिवसानंतर रडलो नव्हतो.

दादांनी हातातली पिशवी खाली ठेवली. माझ्या दुकानाच्या दारातली खुर्ची उचलून आणली, आमच्याजवळ मांडली आणि तिच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले. मग त्या भिंतीलाच विचारावं तसं ते म्हणाले, "माय, बरं वाटतंय का आता?"

एकतीस वर्षांत पहिल्यांदा थेट तिला.

ती उघड्या डोक्यानं बसली होती. अर्धे केस विंचरलेले, अर्धे मोकळे. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग दादांच्या पाठीकडे.

"हाव," ती म्हणाली. "बरं हाय."

तिचं मनगट अजून माझ्या हातात होतं. बोटांखाली नाडी लागत होती. मोजायची मात्र मला हिंमत झाली नाही.