फक्त सुरुवात तपासली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईबाबांना त्यातलं काही कळलं नसतं, आणि ज्यांना कळलं असतं त्यांच्यासमोर तोंड उघडलं नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आमच्या गावात, बेल्यात, किशोरदादाचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या व्हिडिओंनी त्याची हार्ड डिस्क भरली, तेव्हा गिऱ्हाइकांसमोरच तो म्हणाला, "आपला इंजिनियर हाय ना! एकाच फाइलच्या दोन-दोन कॉप्या पडून हायेत, तेवढ्या काढून दे बाप्पा." मला फार बरं वाटलं — खोटं कशाला सांगू?

दोन फाइली एकच आहेत का, हे अगदी शेवटापर्यंत ताडून पाहता येतं. वेळ लागतो. किंवा प्रत्येक फाइलीवरून एक छोटा आकडा काढायचा — त्याला हॅश म्हणतात — आणि आकडेच जुळवायचे. मी आकड्यांची वाट धरली. तीही अर्धीच. झटपट व्हावं, दादानं बघत राहावं, म्हणून फक्त सुरुवातीच्या तुकड्याचा हॅश काढणारा प्रोग्राम लिहिला. पुसण्याआधी पूर्ण ताडायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं.

आमच्या बौद्ध लग्नांच्या प्रत्येक व्हिडिओला दादा सुरुवातीला एकच वंदना जोडतो. तीच मूर्ती, तोच आवाज. माझ्या प्रोग्रामला ती सगळी लग्नं एकच वाटली. एक ठेवून त्यानं बाकीची पुसली.

मला ते कळलं शांतामावशी स्टुडिओत आली तेव्हा. तिची मुलगी सुजाता बाळंतपणात गेली होती. सुजाताच्या लग्नाचा घरचा पेनड्राइव्ह चालत नव्हता.

"तिचा आवाज तं असन ना रे यात?"

मी शोधलं. पुसलेल्या जागेवर तोवर नवी लग्नं उतरली होती. म्हणालो — "मावशी, डिस्क खराब झाली."

"माह्याच हातून पडली असन," म्हणत दादानं तिच्यापुढे हात जोडले. आणि मी? मी उरलेला एक व्हिडिओ लावला.

उरलेलं लग्न दुसऱ्याच कुणाचं होतं. सुजाता त्या लग्नाला गेली होती, म्हणून मावशी तेच बघत बसली. बऱ्याच वेळानं गर्दीत हिरव्या साडीतली एक पाठमोरी बाई दिसली.

"हे आमची सुजीच व्हय ना रे?"

सुजाताला मी चांगला ओळखत होतो. ही ती नव्हती.

"हो मावशी. तीच."

मावशीनं पडद्यावर हात ठेवला. ती बाई वळायच्या आत मी व्हिडिओ थांबवला.