वारुळावरचा हार्टबीस्ट

"मॅडम, वारुळाला हळदकुंकू कोणी वाहिलं?"

वानखेडे साहेबांनी मला गॅलरीच्या दारातच अडवलं. जबलपूरच्या एका लहानशा म्युझियममध्ये मी मॉडेलर होते, म्हणजे फायबरचे प्राणी बनवायचे. दोन दिवसांनी आफ्रिका गॅलरीचं उद्घाटन होतं आणि महिनाअखेरीस माझी निवृत्ती.

तीस वर्षं मी वाघ आणि चितळच केले. शेवटचा हार्टबीस्ट मात्र हट्टाने मागून घेतला होता. हा आफ्रिकेतला गवत खाणारा प्राणी. खाकी रंग, उंच खांदे, मागे उतरती पाठ आणि नुकतीच बदलीची ऑर्डर हातात पडल्यासारखं लांब तोंड. कळप चरत असताना एखादा वारुळावर चढून तासनतास पहारा देतो. म्हणून मीही त्याचे पुढचे पाय वारुळावर ठेवले. तो तिथे उभा राहिलेला बघून निवृत्त व्हायचं, एवढीच माझी इच्छा होती.

वारूळही फायबरचंच. वर लाल मुरूम चिकटवला, भोकं पाडली. फारच छान जमलं. तिथेच घात झाला. झाडू मारणाऱ्या सावित्रीबाईंनी सकाळी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि वाटीभर दूध ठेवलं.

"साहेब, रेझिन मी इथल्याच गोरखपूर बाजारातल्या दुकानातून आणलंय. आत नाग नाही, नट-बोल्ट आहेत."

"मला माहीत आहे हो. पब्लिकला काय माहीत? लोक हात जोडून राहिले अन् तुमचं जनावर त्यावर पाय देऊन उभं!"

"मग वारूळ काढू."

"कुंकू लागलेलं वारूळ? काढा तुम्ही."

मी चार जणांना बोलावलं. चौघांनीही चपला काढल्या, नमस्कार केला आणि मागे सरकले. खरं सांगते, पाना माझ्या हातात होता, पण माझाही हात पुढे गेला नाही. ते मीच बनवलं होतं, तरीही.

"चलो, जनावर हटवा," साहेब म्हणाले.

हार्टबीस्ट स्टोअरमध्ये गेला. सपाट जमिनीवर तो पुढे कलंडायचा, म्हणून पुढचे पाय एका मोडक्या कूलरवर टेकवले. मला रडू आलं. कूलरवर पहारा देणारा प्राणी जगात तो एकच असेल.

हार्टबीस्टच्या माहितीचा बोर्ड मात्र वारुळामागच्या भिंतीवर तसाच राहिला. त्यावरचा मजकूर कमिटीने मंजूर केला होता आणि मंजूर मजकूर काढायलाही कमिटीची मीटिंग लागते. दूध सांडून मांजरं येऊ लागली, तेव्हा साहेबांनी वारुळाशेजारी गार्ड उभा केला. सुखलाल भैया. खाकी वर्दी, लांब चेहरा, तोंडात सतत सुपारी.

उद्घाटनाला पाहुणे आले. त्यांनी बोर्ड मोठ्याने वाचला. "तोंड लांबट, रंग खाकी. एका जागी तासनतास उभा राहून राखण करतो. फावल्या वेळात रवंथ करतो." मग त्यांनी वर पाहिलं. सुखलाल भैयांची सुपारी थांबली. पाहुणे म्हणाले, "बहुत जीवंत है." साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी मी सहज गेले. शाळेच्या मुलांनी सुखलाल भैयांना गराडा घातला होता. बाई विचारत होत्या, "ये क्या खाता है, बच्चों?" आणि सगळी मुलं ओरडली, "घास!"

"दीदी," सुखलाल भैयांनी मला हळूच विचारलं, "कमिटी की मीटिंग कब है?"

"स्टोअरमधला परत आणा, असा अर्ज मी दिलाय," मी म्हटलं.

"उसमें मेरा भी नाम लिख दीजिए."

अर्ज अजून पेंडिंग आहे. नव्या मॉडेलरांना मी एवढंच सांगते, प्राणी थोडा बिघडला तरी चालेल. त्याच्या पायाखालची जमीन फार चांगली बनवू नका.