जिजीचा हॉल

कुणाचं नाव तोडलेलं जिजींना खपायचं नाही. हॉलच्या दारात नवा माणूस उभा राहिला की त्याला खुर्ची द्यायच्या, पाणी द्यायच्या आणि नाव विचारायच्या. तो सांगायचा, जिजी म्हणून बघायच्या. चुकलं की पुन्हा. घशाच्या तळातून येणारे ते अरबी उच्चार पुंडलिकनगरातल्या साठीच्या बाईला कुठून जमणार? पण समोरचा हसून मान डोलावेपर्यंत त्या सोडायच्या नाहीत. कॉलेजात, बँकेत, पोलिसांच्या कचेरीत जो तो आपल्या सोयीनं त्या नावांचे तुकडे करायचा. "नाव तेवढंच संगं घिऊन आलाय मानूस," जिजी मला म्हणाल्या होत्या, "ते बी आपुन मोडून ठिवायचं व्हय?"

त्यांचं माहेर शेंद्र्याचं. नवरा वाळूजला कंपनीत होता. तो अचानक गेला तेव्हा मुलगा शाळेत होता. पुढे मुलगा शिकून पुण्याला नोकरीला लागला आणि जिजींनी वरच्या मजल्यावरच्या खोल्या विद्यापीठात शिकायला येणाऱ्या परदेशी मुलांना भाड्यानं दिल्या. बहुतेक मुलं येमेनची. मग तिकडे युद्ध पेटलं, घरून पैसे येणं थांबलं, आणि एका सकाळी ती सगळी खाली येऊन खोल्या सोडतो म्हणाली. "सोडून जाशाल कुठं?" जिजींनी विचारलं. एकानं किल्ली पुढे केली, ती त्यांनी त्याच्याच मुठीत परत दाबली. "मंग वर जावा अन् गप अभ्यासाला बसा." असं ते सुरू झालं.

तळमजल्यावर पूर्वी शिकवणीचा वर्ग चालायचा, तो हॉल त्यांनी मोकळा करून घेतला. शिक्षण संपलेली, व्हिसा संपत आलेली आणि परत जायला देश न उरलेली मुलं तिथे बसू लागली. पुढे अफगाणिस्तानची दोन-तीन कुटुंबं आली, सुदानची मुलं आली. कुणी शिवण शिकायचं, कुणी मराठी. मी मागच्या गल्लीत राहते, कॉलेजात इंग्रजी शिकवते. दुपारी तिथे जाऊन शिकवायला लागले आणि गुंतत गेले. कुणाबरोबर पोलिसांच्या कचेरीत मुदतवाढीसाठी जायचं, कुणाला घाटी दवाखान्यात दाखवायचं, दिल्लीला निर्वासित म्हणून नोंद करायला निघालेल्याला मुलाखतीत काय विचारतील ते समजावायचं, अशी आमची कामं. पाटी कधी लागली नाही. रिक्षावाल्यालासुद्धा 'जिजीचा हॉल' एवढं पुरायचं.

सगळ्यात अवघड काम खोली मिळवायचं. नाव ऐकलं की घरमालक दार लोटून घ्यायचे. एका अफगाण जोडप्यासाठी आम्ही अशाच एका घरी गेलो. मालक म्हणाले, "बाई, परदेशी लोक नको. उद्या काय भानगड झाली तर?" जिजी त्यांच्या पायरीवर बसल्या. "तुमचं बरोबर हाय, भाऊ. मी जरा टेकते. गुडघे लई दुखतेत." टेकल्या त्या टेकल्याच. मालकांच्या आईची चौकशी केली, सुनेचं बाळंतपण कुठं झालं ते विचारलं, आतून आलेला चहा घेतला. तासाभरानं मालकांची आईच मुलाला म्हणाली, "दे रे खोली. बायकोला घिऊन आलाय बिचारा." बाहेर आल्यावर जिजी त्या जोडप्याला म्हणाल्या, "अब कायकू घबराते? आज्जी अच्छी है. उसके हाथ की भाकर खाव."

एका गोष्टीत मात्र त्या कधी पडायच्या नाहीत. परत जावं की इथेच थांबावं, हे कुणी विचारलं तर त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या. "ज्याचा देश त्याला ठावं. मी जा म्हणणार नाय अन् थांब बी म्हणणार नाय."

हा नियम त्यांनी एकदाच मोडला. मुनीरसाठी.

मुनीर त्या पहिल्या भाडेकरूंपैकी. ताइझ शहराजवळच्या एका गावचा. औषधनिर्माणशास्त्र शिकायला आला होता. शिक्षण झालं, पण लढाई त्याच्या गावाच्या रस्त्यावर येऊन बसलेली. तो हॉलचा सगळा कारभार बघायचा. जिजींची रक्तदाबाची गोळी त्याच्या लक्षात असायची. "गोळी?" एवढंच विचारायचा, आणि जिजी मुकाट्यानं घ्यायच्या. पोटच्या मुलाचं त्यांनी एवढं ऐकलेलं मी पाहिलं नाही. त्याचं मराठी सगळं जिजींकडून उचललेलं; आमच्या प्राचार्यांना तो एकदा "लई भारी बोललात सर" म्हणाला होता.

त्याच्या आईची किडनी बिघडली. फोनवर तिचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. एकदा गेलं की परत येता येणार नाही, हे मुनीरला माहीत होतं. रस्त्यात काय काय आहे तेही माहीत होतं. एका दुपारी तो जिजींसमोर येऊन जमिनीवर बसला. मी फळा पुसत होते.

"जिजी, मी काय करू?"

जिजी उठल्या नाहीत. म्हणाल्या, "माझी माय शेंद्र्याला गेली तवा मी हितंच होते. या घरात. कितीसं लांब हाय शेंद्रा? आज जाते, उद्या जाते करत ऱ्हायले. तोंड बघाया मिळालं नाय." मग त्याच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "जा बाबा. माय हाक मारती तर जा."

आम्ही सगळे स्टेशनवर गेलो होतो. जिजींनी त्याच्या आईसाठी मेथीचे लाडू दिले होते. गाडी हलली तेव्हा त्या रडल्या नाहीत. "पोचल्यावर फोन कर," एवढंच म्हणाल्या.

तो पोचला. मजल दरमजल करत, नाक्यांवर अडत, पण पोचला. रोज फोन यायचा. आई उठून बसली, आईनं आज भाकरी खाल्ली, आई विचारते जिजी दिसायला कशी आहे. त्या दिवसांत जिजी हॉलभर गुणगुणत फिरायच्या.

मग एका दुपारी यासीन आला. मुनीरच्याच खोलीत राहणारा, त्याचा जिवलग. शिवणवर्ग चालू होता. यासीन दारातच थांबला.

"मुनीर गेला, जिजी."

"गेलाय की," मशीनवरून मान वर न करता जिजी म्हणाल्या. "म्हयना झाला."

यासीन चौकटीला टेकून खाली बसला. मराठी त्याला चांगलं यायचं, आणि शब्द बरोबरच होता. मशीन थांबली. जिजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. आईची औषधं आणायला मुनीर शहराकडे निघाला होता. रस्त्यात पुरलेल्या सुरुंगावरून गाडी गेली.

हॉल बंद पडला नाही. जिजी रोज वेळेवर खाली यायच्या, चहा टाकायच्या, नव्या माणसाला खुर्ची द्यायच्या. पण काही विचारलं की म्हणायच्या, "मला नका इचारू. सुनीताबाईला इचारा," आणि माझ्याकडे बोट करायच्या. साधं कुठल्या डॉक्टरकडे जाऊ असं विचारलं तरी. माझ्याशी त्याबद्दल एकदाच बोलल्या. "माझ्या मायचं वझं मी त्या लेकराच्या डोक्यावर दिलं, बाई."

काही आठवड्यांनी मुनीरच्या आईचा फोन आला. हॉलमध्ये जिजी, यासीन आणि मी. यासीननं फोन टेबलावर ठेवला. पलीकडचा आवाज थकलेला होता, पण स्थिर. यासीन मराठीत सांगू लागला. "ती म्हणते, तुम्ही पाठवला म्हणून मला तो बघायला मिळाला."

"तिला सांग," जिजी म्हणाल्या, "मी पाठवला म्हणूनच तो गेला."

यासीन अरबीत काहीतरी दोन शब्द बोलला. पलीकडून उत्तर आलं. "ती म्हणते, तुमच्या हातचं जेवण त्याला आवडायचं."

जिजींनी त्याचा हात धरला. "तू खरं सांगितलं नाय तिला. मी बोलले तसंच सांग."

यासीननं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज फुटला.   मग ती माउली सावकाश बोलू लागली, आणि यासीननं डोळे पुसत एकेक वाक्य आमच्यापुढे ठेवलं. "ती म्हणते, हाक मी मारली होती. तुम्ही नाही. ती म्हणते, एवढंच माझ्याजवळ उरलंय. ते माझं मला राहू द्या."

जिजींनी फोन छातीशी धरला आणि तेव्हा कुठे त्या रडल्या.

त्यानंतर दर शुक्रवारी त्या दोघी बोलायच्या. यासीनला पुढे कॅनडानं निर्वासित म्हणून घेतलं. तो गेल्यावर दुभाष्या उरला नाही, तरी फोन थांबले नाहीत. ती अरबीत, जिजी शेंद्र्याच्या मराठीत. काय बोलत होत्या कोण जाणे. मध्येच दोघी गप्प व्हायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या.

गेल्या थंडीत जिजी झोपेतच गेल्या. अंत्ययात्रेला गल्ली होती, ते घरमालक होते, सुदानची मुलं होती. अफगाण बायका हॉलच्या पायऱ्यांवर बसून रडत होत्या. ज्यांना त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं ते बरेचसे कुठे कुठे पांगलेले. त्यांनी फोनवरून पाहिलं. मुलानं पुढे घर विकलं. त्याला दोष देत नाही. त्याचं आयुष्य पुण्यात आहे. शिवणाच्या चार मशिनी माझ्या घरात आणल्या. बायका येतात. पण मला नुसतं टेकता येत नाही कुणाच्या पायरीवर, मी लगेच वाद घालते.

जिजी गेल्या त्याच आठवड्यात घर आवरत होतो, तो नेमका शुक्रवार होता. जिजींचा फोन खिडकीत चार्जिंगला लावलेला. तो वाजला. त्यांचा मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मी उचलला.

"जिजी?"

मला अरबी येत नाही. काय सांगावं ते मला मराठीतही सुचत नव्हतं. मी फोन कानाशी धरून नुसती उभी राहिले, आणि मला हुंदका आवरला नाही. पलीकडे ती काही वेळ ऐकत राहिली. मग हळूच, एखाद्या लेकराला थोपटावं तशी, ती माझ्याशी बोलू लागली.