लोपावर निमू

हे मी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो म्हणेल, "एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस?" — आणि मला नेमकं तेच ऐकायचं नाही. एवढीशी! संताप येतो मला या शब्दाचा.

वडीगोद्रीजवळच्या एका शाळेत मी शिकवते. स्नेहसंमेलनासाठी मी एक नाटक लिहिलं होतं — ढगांवरच्या राज्याचं. तिथल्या लोकांना भाषाही दिली, माझ्या मनानं रचलेली. लोपा म्हणजे भाकर, निमू म्हणजे सावली. वाक्प्रचार सगळे खाण्यापिण्याचे. 'लोपा फुगला' म्हणजे आनंद झाला, 'लोपा करपला' म्हणजे राग आला. पोरं दिवसभर तेच बोलायची.

नाटकात नसलेला एक वाक्प्रचारही मी रचला. कशासाठी? — सांगते.

त्या वर्षी करुणा मॅडम नव्यानं रुजू झाल्या होत्या. बौद्ध घरातल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांसाठी धपाटे करून आणले. डबा माझ्यापुढं धरला. मी शेजारच्या बाईंकडं बघून म्हटलं, "लोपावर निमू पडला." भाकरीवर सावली पडली — म्हणजे आता आपल्याला चालायची न्हाई. बाई तोंडाला पदर लावून हसल्या. दोघींनीही धपाटा घेतला नाही. कुणाची सावली, हे वेगळं सांगायला हवं? शिकलेल्या बाया आम्ही! वर्गात समतेचा धडा घेणाऱ्या!

करुणा मॅडमनी विचारलं, "ताई, ह्याचा अर्थ काय हो?"

खरं बोलायची हिंमत नाही — खोटं मात्र जिभेवर तयार. "मायेची सावली. मोठ्या माणसाचा आधार मिळाला की म्हणायचं."

"किती छान!" त्यांनी वहीत लिहून घेतलं.

संमेलनाला अख्खं गाव जमलं होतं. आभार मानायला त्याच उभ्या राहिल्या. शेवटी माझ्याकडं हात करून माईकवरून म्हणाल्या, "मी इथं नवीन आल्ते. ताईंनी सांभाळून घेतलं. त्यांच्याच भाषेत सांगते — माझ्या लोपावर ताईंचा निमू पडला!"

धपाटा न घेणाऱ्या त्याच शेजारच्या बाईंनी मान खाली घातली. हसू दाबताना त्यांचे खांदे हलत होते. गाव टाळ्या वाजवत होतं. आणि मी? — मी उठले, हात जोडले, त्या टाळ्या घेतल्या. गंमत म्हणतात याला? ही गंमत नव्हती. मला माहीत होतं मी काय करत होते. बिलकुल माहीत होतं.

पुढं त्यांची बदली झाली. फोन मात्र येतो अजून. परवा सांगत होत्या, "ताई, तुमचं ते वाक्य मी इथल्या पोरांनाही शिकवलं. खिचडी वाढली की एकमेकांना म्हणतात, मंग जेवतात."

मी म्हणाले, "छान."