काचेच्या मागच्या टोकाचा माणूस

सव्वीस वर्षं दोघा भावांनी एकच काच दोन टोकांना धरून वाहिली. थोरला पुढे, धाकटा मागे. पुढच्याने बोलायचं आणि मागच्याने ऐकायचं, हा दुकानाचा कायदा. "उचल." "पायरी." "वळतोय." "ठेव." एवढ्या चार शब्दांवर दोन घरांच्या चुली पेटत होत्या. पुढचं सगळं पुढच्याला दिसतं, मग मागच्याने तोंड उघडायचंच कशाला?

धाकट्याला आख्खी गल्ली काचवाले काका म्हणायची. वय चोपन्न, अंगाने काटक, बोलण्यात कंजूष. काच उचलली की तिच्याकडे न बघता तिच्या पलीकडे बघायचं, ही त्याची सवय. पण आरशाला पलीकडचं नसतं. आरसा मागचंच जग पुढे आणून हलवत बसतो.

आठ दिवसांच्या तापातून काका उठला तेव्हा डाव्या कानातली, तोल सांभाळणारी नस कामातून गेली होती. मान वळवली की फरशी होडीसारखी डुलायची. "जाईल चार दिवसांत," म्हणून त्याने घरी अवाक्षर काढलं नाही. अशातच नाचाच्या क्लासचा आरसा पोचवायचा दिवस उजाडला. सहा फूट बाय चार फूट, वजन तेहेतीस किलो, दुसरा मजला. जिन्याच्या वळणावर आरशातली खिडकी सरकली, भिंत सरकली, आणि खरी भिंत कुठली ते काकाच्या पायांना कळेना. थांब म्हणावं असं त्याला वाटलं, पण सव्वीस वर्षांत त्या टोकाकडून कधी शब्द गेला नव्हता. आरसा कठड्यावर आदळून फुटला आणि थोरल्याच्या हाताला चौदा टाके पडले.

डॉक्टर म्हणाले, "नस परत येणार नाही. मेंदूला नव्याने शिकवायचं. डोळे एका जागी ठेवून मान हलवा, भरपूर चाला." भिंतीवरच्या टिंबाकडे बघत काकाने आठ दिवस मान हलवली. नवव्या दिवशी व्यायामाचा कागद कपाटाखाली गेला.

थोरला रागावला नाही, तेच काकाला जास्त लागलं. त्याने मागच्या टोकाला एक नवा गडी ठेवला आणि काकाला टेबलावर फोटोच्या चौकटींच्या काचा कापायला बसवलं. शेजारचा किल्लीवाला एकदा गमतीने म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं. काका, तुमचं तर चालता येईना अंगण वाकडं!" काकाही हसला. त्या दिवशी डबा मात्र तसाच घरी परत गेला.

क्लासच्या भिंतीवर तीन आरसे लागले होते, चौथ्याची जागा तशीच उघडी होती. हात जोडून माफी मागावी आणि माप परत घ्यावं म्हणून काका कठडा धरत धरत वर गेला. आत दहा-बारा मुली गिरक्या घेत होत्या. नुसतं बघूनच त्याला भोवळ आली. तो दाराला टेकला.

"यांना चक्कर नाही येत?" त्याने नाचाच्या बाईंना विचारलं.

"येते की. पण ती सांभाळायला शिकतात. अंग वळतं तरी नजर एकाच जागी रोवलेली ठेवायची, शेवटी मान झटकन फिरवून पुन्हा तिथेच आणायची. नजरेला घर लागतं, काका." बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही भिंत का धरलीत?"

त्याने सांगितलं. ज्या बाईला आरसा मिळाला नव्हता, तिलाच त्याने पहिल्यांदा सगळं सांगितलं.

"मग मंगळवारी पाचला या," बाई म्हणाल्या. "मागच्या रांगेत उभे राहा. मागे उभं राहायची सवय आहेच तुम्हाला."

पहिल्या दिवशी मुली तोंड दाबून हसल्या. एक चिमुरडी तर म्हणाली, "काका, तुम्ही पडलात तर आम्हाला उचलता नाही येणार हं." काका पडला नाही, पण तीनदा भिंतीवर गेला. बाईंची नजर मोठी कडक. "तुम्ही पाय टाकता, वजन टाकत नाही," त्या म्हणाल्या. "अर्धं शरीर मागच्याच पायावर ठेवून पुढे निघता. आधी पाऊल, मग वजन, मगच दुसरं पाऊल. चार मात्रा मोजा."

आयुष्यभर तेहेतीस किलोचा आरसा तोलणाऱ्याला आपलं एकसष्ट किलोचं अंग कुठे ठेवलंय तेच ठाऊक नव्हतं. काका मोजू लागला. दुकानात, रस्त्यावर, अंघोळीला जाताना. दोन महिन्यांनी बायको म्हणाली, "अहो, भिंतीवर हाताचे डाग पडायचे बंद झालेत." चौथ्या महिन्यात अर्धी गिरकी जमली. पाचव्यात पूर्ण. ती पुरी झाली तेव्हा मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि काका पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर जाऊन उभा राहिला. तापानंतर पहिल्यांदाच त्याच्या पायाखालची फरशी जागच्या जागी होती.

क्लासचा चौथा आरसा तयार झाला तेव्हा तो थोरल्यासमोर उभा राहिला. "दादा, हा मी नेतो."

"पोरींबरोबर नाचलास म्हणून?" थोरल्याने बाही वर केली. कोपराखाली पांढरी रेघ होती. "हा हात परत शिवायचाय का तुला?"

 काका जागचा हलला नाही.

थोरला उठला आणि आरशाच्याच मापाची प्लायवुडची फळी काढली. "आधी ही. तीन वेळा वर, तीन वेळा खाली."

फळी सहाही वेळा नीट गेली. मग त्यांनी आरसा उचलला. पहिला मजला गेला. वळणावर खिडकीचा उजेड आरशातून घसरला आणि फरशीने हलकासा झोका घेतला. काकाने वजन मागच्या पायावर घेतलं आणि नजर थोरल्याच्या कॉलरच्या शिवणीवर रोवली.

"दादा, थांब."

थोरला जागीच थिजला. काकाने चार मात्रा मोजल्या, मग आणखी चार. झोका निवला.

"चल."

आरसा भिंतीला लागला. बाईंनी तो फडक्याने पुसला. दोघे भाऊ जिन्यात येऊन बसले. 

"त्या दिवशी का नाही बोललास?" थोरल्याने विचारलं.

"मागच्याने बोलायचं नसतं ना."

"कुणी सांगितलं?"

"तूच. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो तेव्हा."

 थोरला हळूच म्हणाला, "माझंच चुकलं रे." सव्वीस वर्षांत हे वाक्य त्या टोकाकडूनही आलं नव्हतं. काकाने भावाची दुमडलेली बाही खाली ओढून बटण लावलं.

"नव्या गड्याला काय सांगू? जा म्हणू?" थोरल्याने विचारलं.

काकाला हो म्हणायचं होतं. पाच महिने त्याने याच प्रश्नाची वाट पाहिली होती. पण वळणावरचा तो झोका खरा होता, आणि पुढेही अधूनमधून येणार होता.

"नको, राहू दे त्याला," तो म्हणाला. "सहा फुटांपर्यंत मी. त्याहून मोठी असेल तर तो."

"बरं. आणि मंगळवारी ती दवाखान्याच्या खिडकीची काच आहे बघ, साडेपाच फुटी. संध्याकाळी न्यायचंय."

"सकाळी नेऊ," काका म्हणाला. "संध्याकाळी मला क्लास आहे."