पैलवानाच्या उंबऱ्यावरचं दूध

ती घटना आठवली की अजून ताज्या दुधाचा वास येतो आणि मी बसल्या जागी कोल्हापूरच्या त्या हिवाळ्यात जाऊन पोचतो. निवृत्ती जवळ आली होती. नदीकडच्या एका जुन्या पेठेचं ठाणं माझ्याकडे होतं. तिथे दिवेलागणीला म्हशी कट्ट्यावर येतात, गिऱ्हाइकासमोर धार काढली जाते आणि माणसं फेसाळ दुधाचा पेला हातात धरून गावाची उणीदुणी काढत बसतात. नदीवरचं धुकं गल्लीत उतरलं की म्हशी, माणसं, दिवे, सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलायचं. मी रोज तिथे थोडा वेळ उभा राहायचो. ठाण्यात न येणारी खबर कट्ट्यावर आपसूक कानावर पडते.

त्या दिवसांत कट्ट्यावर विषय एकच होता, पेठेचा एक जुना पैलवान. इथली रीत अशी की तालमीतल्या होतकरू पोराचा खुराक पेठ उचलते. कोणी दूध देतं, कोणी तूप, कोणी बदाम. पोरगं जिंकलं की घराघरांत म्हणतात, आमच्या दुधावर जिंकला. हाही असाच वाढला, मोठं पदक घेऊन आला, गुलालात न्हाऊन मिरवला. पुढे उत्तेजक औषधाच्या चाचणीत सापडला आणि पदक काढून घेतलं गेलं. पेठेत कोणी त्याच्याशी भांडलं नाही, दारावर दगड पडला नाही. नुसतं दूध यायचं बंद झालं. ज्यांनी त्याला घडवलं त्या वस्तादांनी त्याला तालमीची पायरी बंद केली. ही शिक्षा आमच्या कुठल्याही कलमात बसत नाही, पण मी सांगतो, फार कडक शिक्षा आहे. तो त्याच गल्लीत मान खाली घालून वर्षानुवर्षं रिक्षा चालवत राहिला.

आणि आता बातमी फुटली होती की त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालीत, डायलिसिस सुरू आहे. मग काय, मोबाइलवर लोकांना नुसता ऊत आला. इंजेक्शनं टोचून घेतली, आता भोग म्हणावं. पदक खोटं होतं, आजारही खोटाच असेल. कट्ट्यावर सगळ्यात मोठा आवाज एका गुळाच्या व्यापाऱ्याचा.

"पेठंच्या तोंडाला काळं फासलंय त्येनं! मेला तरी मी खांदा द्याला जायचा न्हाय!"

बाकीचे माना डोलवायचे. मला त्या माना बघून चीड यायची, पण मान डोलावणं हा गुन्हा नाही.

एका सकाळी राजारामपुरीतल्या दवाखान्यातून ठाण्याला फोन आला. पैलवानाचा श्वास कोंडला होता, थोडक्यात वाचला होता, आणि बायको म्हणत होती की नवऱ्याला विष घातलंय. मी स्वतः जबाब घ्यायला गेलो. बाई खंबीर होती.

"साहेब, कोन तरी पाटंचं आमच्या दारात दूध ठिवतंय. पयल्यांदा मी ओतून टाकलं. मग ह्येंनी माझ्या आदी उठून लपवून प्यायला सुरवात केली. समद्या गावाला ह्ये मेलेलं पायजेत. मग फुकट दूध कोन देतंय, सांगा की!"

प्रश्न बिनतोड होता. तिच्या घरी जाऊन उंबऱ्यावरच्या डब्याचा पंचनामा केला, शिल्लक दुधाचा नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेला पाठवला. आणि तिला सांगितलं की पैलवान दवाखान्यात आहे हे कोणाला कळू देऊ नका, घरात दिवा लावून ठेवा, म्हणजे दूध ठेवणारा पुन्हा येईल.

दोन दिवसांत कट्ट्यावरच्या माझ्या खबऱ्यानं मला बाजूला घेतलं. "साहेब, त्या गूळवाल्याकडं ध्यान ठेवा. घसा बसंस्तवर पैलवानाला शिव्या घालतोय आन् जाताना डबा भरून न्हेतोय. घरात म्हशी बांधल्यात की त्येच्या! इकत दूध कशाला लागतंय?"

व्यापाऱ्याला ठाण्यात बोलावून घेतलं. माझी चौकशीची एक पद्धत होती. बडबड्या माणसाला समोर बसवायचं आणि आपण कागद चाळत राहायचं. त्याला गप्प बसणं सोसत नाही. हा तर चहा यायच्या आतच फुटला.

"दूध दिलं साहेब, इख न्हाय! आईच्यान! आमच्या दुधावर वाढलंय त्ये पोरगं. घरची धार न्हेली आस्ती तर बायकूला कळलं आस्तं, म्हनून इकत घेतलं. खुराक तुटला, म्हनून तर ही पाळी आली त्येच्यावर."

"मग कट्ट्यावर शिव्या कशाला देता?"

"चारचौघांत दुसरं काय बोलायचं, साहेब? समदीच तसं बोलत्यात की."

माझा विश्वास बसला नाही. त्याला तोंड बंद ठेवायची तंबी दिली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हवालदाराला घेऊन साध्या कपड्यांत गल्लीच्या तोंडाशी एका रिक्षात दबा धरून बसलो. धुक्यात हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं, फक्त पैलवानाच्या उंबऱ्यावर घरातल्या दिव्याचा उजेड पडला होता. पुढे जे पाहिलं ते खरंच पाहिलं की डोळा लागला होता, असं मला कधी कधी वाटतं. धुक्यातून एक शाल पांघरलेला माणूस आला, उंबऱ्यावर डबा ठेवला, इकडेतिकडे बघून विरघळून गेला. मग दुसरा आला. पहिल्याचा डबा पाहून तो थबकला, आपला जरा आडोशाला ठेवून निघून गेला. मग आणखी एक. सगळे कट्ट्यावर माना डोलवणारे. शेवटी काठी टेकत एक म्हातारा आला आणि हवालदारानं माझा दंड दाबला. ते वस्ताद होते. त्यांनी डबा ठेवला आणि बंद दाराला हात लावून बराच वेळ तसेच उभे राहिले. त्यांना हटकायला मी खाली उतरलो नाही. पोलिसाला न शोभणारी गोष्ट आहे, पण माझे डोळे भरून आले होते.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. दूध निर्भेळ होतं. तो घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "दुधात काही नसणारच, साहेब. दूधच नको होतं त्यांना. मूत्रपिंडं बंद, अंगातलं पाणी बाहेर पडत नाही. साधं पाणीसुद्धा मोजून द्यावं लागतं. त्यात यांनी डबेच्या डबे दूध रिचवलं. सगळं फुप्फुसात साठलं. आणि हे त्यांना पक्कं माहीत होतं. मी स्वतः बजावलं होतं."

मी तडक पैलवानाच्या खाटेशी गेलो. "माहीत असताना प्यायलास?"

तो छताकडे बघत होता. "खुराक आला हुता, साहेब. इतक्या वरसांनी माज्या दारात खुराक आला. त्यो माघारी कसा धाडायचा? पेठंला वाटलं आस्तं, ह्येला माफी नगं हाय."

"आणि घरी गेल्यावर पुन्हा आला तर?"

"पिनार की," तो म्हणाला. शांतपणे म्हणाला, म्हणून मला जास्त भीती वाटली.

त्या संध्याकाळी मी गणवेश घालून कट्ट्यावर गेलो आणि सगळं सांगून टाकलं. पेले जागच्या जागी थांबले. माणसं एकमेकांकडे बघायला लागली, कारण उंबऱ्यावरचा दुसरा डबा कोणाचा, हे आजवर कोणालाच ठाऊक नव्हतं.

"म्हंजे आमीच मारत हुतो त्येला," गूळवाला म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "मग आता काय द्यायचं, साहेब?"

"काही देऊ नका," मी ओरडलोच. "दिवसाढवळ्या जाऊन त्याच्यासमोर बसा!"

घातपात नसल्याचा शेरा मारून मी प्रकरण बंद केलं. पण त्यानंतर गर्दीत बोललेल्या शब्दावरून मी कोणाचं मन ठरवलं नाही. माणूस चारचौघांत असतो तेव्हा त्याचा जबाब घेऊ नये, एवढं मी त्या पेठेकडून शिकलो. हे नोकरी संपता संपता कळलं, याचं वाईट वाटतं.

पैलवानाच्या बायकोची शेवटची सही घ्यायला दवाखान्यात गेलो, तेव्हा वस्ताद आले. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला कोणी मोकळ्या हातानं जात नाही. म्हाताऱ्यानं खाटेशी येऊन दोन्ही तळवे उघडून दाखवले.

"रिकाम्या हातानं आलोय रं पोरा. जड गेलं."

पैलवान पाया पडायला उठू लागला, तर त्यांनी खांदे दाबून त्याला निजवलं. तेवढ्यात नर्स मोजून दिलेलं घोटभर पाणी घेऊन आली. वस्तादांनी तिच्या हातातून पेला घेतला, आपल्या जुन्या पठ्ठ्याच्या मानेखाली हात घातला आणि पेला त्याच्या ओठांना लावला.

"सावकाश पी," ते म्हणाले. "आज एवढंच."